राखाडी कापडाचं वजन

४ जानेवारी

एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम दोन महिने झाले असतील, यांनी आणि मी पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र रस्त्यावरून उचलून आत आणलं होतं. हमाल येतो म्हणून गेला तो उगवलाच नाही. तीन पायऱ्या चढायच्या होत्या. हे म्हणाले, "धर त्या टोकाला. दिसतं तेवढं जड नाही गं." मी बाह्या सरसावल्या आणि धरलं. आत आणून ठेवल्यावर आम्ही दोघं जमिनीवरच बसलो आणि एकाच कपातून चहा प्यालो, कारण दुसरा कप अजून खोक्यातून निघायचा होता. एवढंच. विशेष काही घडलं नव्हतं. तरी ती दुपार आज डोळ्यांपुढून हलत नाही.

कारण काल दुपारी त्याच यंत्राशेजारी हे पडले आणि मला यांना उठवता आलं नाही.

पक्षाघाताला पाच महिने झाले. डावा हात आणि पाय अजून मनासारखे वागत नाहीत, पण काठी घेऊन हे घरातून पुढच्या खोलीत, म्हणजे आमच्या बाइंडिंगच्या दुकानात येतात, टेबलापाशी बसतात. काल कात्रणांवरून पाय सरकला. लागलं काही नाही. मी काखेत हात घालून ओढलं, मग मागून धरून ओढलं, मग शेजारी बसून रडले. तेव्हा लक्षात आलं की आता माझं मलाही उठता येत नाहीये. टेबलाचा पाय धरून, गुडघ्यांशी भांडून उभी राहिले. हे खालून म्हणाले, "बस गं जरा. आता आपल्याला कुठली गाडी पकडायची आहे?"

पाऊण तासानं समोरचे घड्याळ दुरुस्तीवाले, ज्यांना आम्ही घड्याळजी म्हणतो, ते डिंक मागायला आले आणि त्यांनी यांना उभं केलं. "वहिनी, हाक मारायची की!" म्हणाले. हाक मारायची लाज वाटली, हे त्यांना कसं सांगू?

६ जानेवारी

घड्याळजींच्या तोंडाला कुलूप नाही. लेकाला कळलंच. त्याचा फोन.

"आई, आता पुरे. दोघंही इकडे या. नवव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"आणि दुकान?"

"दुकान बंद करायचं. बाबा एका हातानं किती पुस्तकं बांधणार आहेत?"

मी म्हटलं, बाबा त्या टेबलापाशी बसतात म्हणून जेवतात. तुझ्या नवव्या मजल्यावर ते खिडकीत बसतील आणि चार महिन्यांत संपतील.

 मग तो त्याच्या बापासारखाच हिशेबी बोलला. "ठीक आहे. एक एप्रिलला मी येतो. तोवर तू बाबांना एकटी जमिनीवरून उठवू शकलीस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं. कबूल?"

कबूल म्हणून बसले. वय सदुसष्ट. पाण्याची बादली भरली की अर्धी ओतून उचलते.

९ जानेवारी

यांना व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते. आम्ही तिला व्यायामताई म्हणतो. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, काकू, या वयात नको ते धाडस, असं म्हणेल. तर ती म्हणाली, "काकू, काकांना उचलायचंच नाहीये. ओढायचं तर मुळीच नाही. काका स्वतः कुशीवर वळतील, गुडघ्यांवर येतील, पुढ्यातल्या स्टुलावर हात टेकतील. तुम्ही बाजूनं कंबरेला धरून तोल सांभाळायचा आणि शेवटचा जोर द्यायचा. त्याला पाय हवेत, पाठ हवी. दोन्ही करता येतं."

पहिला धडा खुर्चीवरून हात न टेकता उठायचा. सात वेळा जमलं, आठव्याला धपकन बसले. दुसरा, भिंतीला हात टेकून दंड. तिसरा, जमिनीवरचं वजन गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलायचं. मी केलं तशी ती म्हणाली, "पाठ कुठे शिकलात हो?"

कॉन्व्हेंटात. खेळाच्या सिस्टर आम्हाला डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून चालायला लावत. पण त्याच सिस्टरनी मी एकदा प्रार्थनागृहातलं लांब बाक एकटीनं उचलून सरकवलं तेव्हा सगळ्या वर्गासमोर सुनावलं होतं, की मुलींनी पाठ ताठ ठेवावी, ओझ्यांसाठी पुरुष असतात. पाठीचं ऐकलं, तसं ओझ्याचंही ऐकलं. पन्नासेक वर्षं.

१० जानेवारी

वजनं घरातच होती. नव्या बांधलेल्या पुस्तकांवर ठेवायचे लोखंडी ठोकळे. डाग पडू नये म्हणून हे त्यांना बाइंडिंगचं कापड चढवतात. लाल दोन किलोचं, निळं तीनचं, राखाडी चारचं. यांनी बसल्या बसल्या तिन्हींना धरायला कापडी पट्टे शिवले, उजव्या हातानं आणि दातांनी.

मी सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि इथंही लिहून ठेवते. राखाडी ही माझी हद्द. चार किलोंच्या वर एक तोळाही नाही. कंबर गेली तर दोघांनाही कोण उठवणार?

यांनी मान डोलावली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. इतक्या चटकन हे कधी काही मान्य करत नाहीत. आजारानं माणूस मऊ होतो.

१९ जानेवारी

टाकीच्या टेकडीवर जायला लागले. सकाळी सहाला निघते. पहिल्या दिवशी अर्ध्यात बसले आणि धापा टाकत एका मुंगीकडे बघत राहिले. तीही चढच चढत होती, तोंडात तिच्याहून मोठं काहीतरी धरून. मनात म्हटलं, हिला कुणी सिस्टर भेटल्या नसाव्यात.

आज वरच्या कठड्यापर्यंत पोचले. वरून सगळं गाव गुंडाळी उलगडल्यासारखं दिसतं. आमच्या दुकानाची पाटीही दिसते, म्हणजे तिचा एक कोपरा. कठड्याला हात टेकून दहा दंड काढले. वारा इतका स्वच्छ होता की उगीच शाळेतली एक प्रार्थना आठवली आणि ती मोठ्यानं म्हटली. एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, त्यानं कुत्र्याला जवळ ओढलं.

२७ जानेवारी

मी टेकडीवर असते त्या तासाभरात घड्याळजी यांच्याजवळ येऊन बसतात. सोबत आहे हे चांगलंच, पण परतते तेव्हा दोघंही असे गप्प होतात, जणू शाळकरी पोरं. आणि यांच्या पायजम्याचे गुडघे रोज मळलेले! आज रागावले. "अहो, खुर्चीत बसून गुडघे मळतात कसे?"

"कात्रणांची धूळ गं."

"धूळ काय उडी मारून गुडघ्यांवर बसते?"

घड्याळजी म्हणाले, "वहिनी, जुन्या कागदाची धूळ फार चढेल असते." आणि चहा न घेताच गेले. हे नवलच.

५ फेब्रुवारी

खुर्चीवरून उठबस वीस. निळं वजन आता पोरखेळ वाटतं. राखाडी दहा वेळा. फुशारकी नाही, पण दंडाला हात लावला तर काहीतरी लागतं. यांना हात लावून बघायला सांगितलं. यांनी बोटानं दाबून बघितलं, मग म्हणाले, "पुठ्ठा चांगला आहे. बांधणी पक्की." लग्नात सुद्धा इतकं कौतुक केलं नव्हतं.

राखाडीचं कापड कोपऱ्याला विरलंय म्हणून यांनी नवीन चढवायला घेतलं. हातालाही व्यायाम होतो.

८ फेब्रुवारी

आज राखाडी सहा वेळाच उचललं. जड लागलं. झोप तर नीट झाली होती. वय आपली आठवण करून देतं, दुसरं काय.

व्यायामताईला सांगितलं तर ती म्हणाली, "असू द्या काकू. असे दिवस येतात. सहाच करा, हळूहळू दहावर या." मग यांच्याकडे बघून म्हणाली, "काय काका, नवीन कापड छान दिसतंय." हे पुस्तकं चिकटवायची खळ ढवळण्यात गुंग.

१८ फेब्रुवारी

पुन्हा दहावर आले. जिद्दीनं. घरातल्या लांब बोळातून राखाडी एका हातात घेऊन पाच फेऱ्या, मग दुसऱ्या हातात पाच. बादली आता काठोकाठ भरून नेते. पाणी सांडत नाही.

२१ फेब्रुवारी

राखाडीला पुन्हा नवीन कापड. मी म्हटलं, एवढ्यात कसं विरलं? हे म्हणाले, गेल्या वेळचं कापड हलकं होतं, आता चांगल्यातलं चढवतो. आणि आज परत ते जड! सातव्यालाच हात थांबला. मला मेलीला काय होतंय? एक दिवस वाघ, एक दिवस शेळी.

मनात आलं, नाही जमायचं. लेकाच्या नवव्या मजल्यावर सामान कुठं कुठं ठेवता येईल याचा विचार करत राहिले. दाबयंत्र लिफ्टमध्ये मावेल का? मावलं तरी तिथं त्याच्याखाली दाबायला काय असणार?

२ मार्च

मोठी बातमी. टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे, त्यात बंद पडलेल्या छापखान्यातून यांनी आणलेले शिशाचे तुकडे असतात. जानेवारीत केर काढताना तो एका हातानं उचलायला गेले तर मनगट दुखलं होतं. आज हात घातला आणि एका हातानं उचलला! सहज! पिसासारखा! मी तो डबा डोक्याइतका उंच धरून यांना दाखवला. "बघा!"

यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ठेव, ठेव गं खाली. लागेल."

काळजी करतात बिचारे.

११ मार्च

आज मी जमिनीवर बसले आणि काहीही न धरता उठले. दोनदा. पहिल्यांदा नशीब म्हटलं असतं, म्हणून दुसऱ्यांदा करून पाहिलं.

वाचनालयाचे बांधून झालेले चार खंड मीच पिशवीत घालून पायी पोचवले. पूर्वी हे न्यायचे, नंतर ते लोक येऊन न्यायचे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुम्ही आणलेत? हे?" मी म्हटलं, हो, मीच. इतकं साधं वाक्य बोलताना मान आपोआप ताठ झाली. सिस्टरांचा शब्दकोश अजून डोक्यावर आहे म्हणायचा.

१९ मार्च

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

कात्रणं न्यायला रद्दीवाली आली. तोंडानं फटकळ, पण इतकी वर्षं तीच येते. तिनं नवीन काटा आणलाय, हुकाचा. गठ्ठा टांगला आणि म्हणाली, अकरा. मला तो चांगला पंधराचा वाटला. म्हटलं, "बाई गं, तुझ्या काट्याचीच परीक्षा घेऊ. माझ्याकडे चार किलोचं पक्कं वजन आहे."

राखाडी आणून टांगलं.

"पावणेसात," ती म्हणाली.

"बघ! काटा खोटा!"

"अहो, मग तो तुमच्या गठ्ठ्याला जास्त दाखवेल की कमी? जरा डोकं चालवा!"

ते बरोबर होतं, पण हरायची तयारी नव्हती. लाल आणलं. काटा बरोबर दोनवर थांबला. निळं, बरोबर तीन. राखाडी पुन्हा. पावणेसात.

रद्दीवालीनं माझ्याकडे बघितलं, वजनाकडे बघितलं. "हे तुम्ही उचलता?"

"रोज दहा वेळा."

"आई गं," ती म्हणाली, आणि पुढचे गठ्ठे तिनं माझ्याकडून उचलून घेतले, माझ्याशी वाद घालायचा विचार बदलल्यासारखं.

मी आत गेले. हे मान खाली घालून खळ ढवळत होते. खळ केव्हाच झाली होती.

"कधीपासून?"

"काय गं?"

"डबा रिकामा कुणी केला?"

मग हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा ओठाची डावी बाजूही थोडी वर गेली. "दर वेळी नव्या कापडाखाली शिशाचे थोडे थोडे तुकडे घातले. व्यायामताईला विचारून. ती म्हणाली, एवढं चालेल, एवढं नाही."

"मी चारच्या वर नाही म्हटलं होतं. सगळ्यांदेखत!"

"तू आकडा बघितलास की घाबरतेस. काम बघितलंस की करतेस."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच बघितलं. दाबयंत्र ऐंशी किलोचं होतं. हमाल त्यासाठीच आला नव्हता. मी तुला दिसतं तेवढं जड नाही म्हटलं आणि तू उचललंस."

एकेचाळीस वर्षं! एकेचाळीस वर्षं या माणसानं मला सांगितलं नाही. मी तिथंच पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसले. राग यायला हवा होता. त्याऐवजी मला तो चहाचा एकच कप दिसला, आणि कप धरलेला माझा हात, थरथरणारा. तेव्हा वाटलं होतं, नवी नवरी म्हणून थरथरतोय.

ज्या दिवशी मला शेळी झाल्यासारखं वाटलं होतं, त्या प्रत्येक दिवशी मी आदल्या दिवसापेक्षा जास्त उचललं होतं.

३० मार्च

यांना अजून प्रत्यक्ष उठवून बघितलेलं नाही. व्यायामताईसमोर सगळ्या पायऱ्या घोकल्या, पण ती म्हणाली, काका मुद्दाम खाली बसायला तयार नाहीत, तेव्हा वेळ आली की बघू. हे मुळात खाली बसायचा विषय काढला की काठी घेऊन निघूनच जातात. भीती असणार. पडलेल्या माणसाला जमिनीची भीती असतेच.

गुडघे मात्र अजून मळतात. आता मी बोलायचं सोडलंय.

१ एप्रिल

लेक आला, नातीला घेऊन. सूनबाईला रजा मिळाली नाही. नात अकरा वर्षांची, आल्या आल्या दुकानात शिरली आणि खळीत बोट बुडवून बसली. लेकानं घरभर फिरून बघितलं, खोकी किती लागतील याचा अंदाज घेतोय असं वाटलं. वाळला आहे. फोनवर कडक बोलतो, पण माझ्या हातचा चहा दोन्ही हातांनी कप धरून प्याला, लहानपणी दूध प्यायचा तसा. "उद्या बोलू, आई," म्हणाला.

२ एप्रिल

बोलायची वेळच आली नाही.

सकाळी टेकडीवरून येऊन मी बूट काढत होते. दुकानातून आवाज आला. हाडाची पट्टी, कागदाला घडी घालायची, यांच्या हातातून खाली पडली होती, ती घ्यायला हे वाकले आणि तोल गेला. मी पोचले तेव्हा हे दाबयंत्राशेजारी जमिनीवर कुशीवर होते, अगदी जानेवारीतल्या जागी. कात्रणं मात्र कुणीतरी बाजूला झाडून ठेवली होती, देवाची कृपा. लेक आतून धावत आला.

"हात लावू नकोस!" मी म्हटलं. असा आवाज मी त्याच्यावर तो सहावीत असताना शेवटचा काढला होता. तो जागच्या जागी थांबला.

यांना विचारलं, कुठं लागलं? "कुठंही नाही. तू तुझं काम कर."

स्टूल ओढलं. यांच्या पुढ्यात ठेवलं. हे वळले, गुडघ्यांवर आले. मी बाजूला पाय रोवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ, यांना कंबरेला धरलं. "उजवा पाय पुढे. एक, दोन..." तीनला जोर दिला आणि हे वर आले. इतके अलगद वर आले की माझाच विश्वास बसेना! कुठं ती जानेवारीतली ओढाओढ. मागे सरकवलेल्या खुर्चीत यांना बसवलं.

घड्याळजी योगायोगानं दारातच उभे होते, हातात कुणाचं तरी दुरुस्तीचं घड्याळ. "बेचाळीस सेकंद," म्हणाले. मग माझ्याकडे बघून गडबडले. "म्हणजे... हे घड्याळ बेचाळीस सेकंद मागे आहे."

हे म्हणाले, "तिनं उठवलं. एकटीनं." आणि रुमालानं पायजम्याचे गुडघे झटकले.

 लेकानं खाली वाकून हाडाची पट्टी उचलली, बापाच्या हातात दिली. मग माझ्याजवळ येऊन माझा दंड दोन बोटांनी दाबून बघितला, अगदी बापासारखा. "आई, हे काय आहे?"

"बांधणी पक्की आहे," मी म्हटलं.

त्याला हसू आणि रडू एकदम आलं. विषय संपला. तो शब्दाचा पक्का आहे.

४ एप्रिल

लेक आणि नात गेले. जाताना नातीनं राखाडी वजन उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांनी, लाल होऊन, वीतभर उचललं आणि ठेवलं. "आजी, हे किती किलोचं आहे?" मी म्हटलं, दिसतं तेवढं जड नाही.

लेक जाताना म्हणाला, आई, काय कुणाला द्यायचं ते कधीतरी लिहून ठेव. मला आवडलं नव्हतं, पण आज वाटतं की वाटणी चांगल्या दिवशीच लिहावी, वाईट दिवशी लिहायला घेतली की अक्षर बिघडतं. म्हणून:

लाल वजन सूनबाईला, आत्ताच. लेकाच्या पिशवीत घालून दिलं आहे. दिवसभर खुर्चीत बसून तिची मान दुखते. लहान म्हणून हसू नये, माझीही सुरुवात तिथूनच झाली.

निळं घड्याळजींना, तेही आत्ताच. रस्ता ओलांडला तरी त्यांना धाप लागते. अट एकच, दाराला अडसर म्हणून लावायचं नाही. मी समोरून बघते आहे.

लाकडी स्टूल व्यायामताईला, आमचं काम संपलं की. कुणाच्या तरी घरी कुणीतरी जमिनीवर बसून राहिलेलं असेल.

टेकडीचे बूट नातीला. दोन वर्षांत तिला होतील. न झाल्यास मोजे जाड घालावेत.

यांची हाडाची पट्टी लेकाला. ती खाली पडली तर त्यानंच उचलायची असते, हे त्याला कळलं आहे.

दाबयंत्र आम्ही आहोत तोवर इथून हलणार नाही. पुढे ज्या दोघांना ते मिळून उचलता येईल, त्यांचं.

आणि राखाडी वजन. ते अजून मला लागतं, यांनी कालच त्याला पुन्हा नवीन कापड चढवलं आहे आणि या वेळी मी विचारलेलं नाही. माझ्यानंतर ते नातीला द्यावं. कापड उसवून आत काय आहे ते बघू नये. ती विचारेल किती किलोचं, तर आधी सांगू नये. आधी उचलू द्यावं.